जकार्त्याची चार पदकं : गणपतराव आंदळकर आणि मारुती माने

अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी चार म्हातारी माणसं ओट्यावर बसली, की गोष्टी निघतात त्या पिकापाण्याच्या, नातवंडांच्या आणि पैलवानांच्या. पिकापाण्याच्या गोष्टीत फार वाद होत नाही. पैलवानांच्या गोष्टीत मात्र होतो, आणि असा होतो की घरातून जेवायला बोलावणं आलं तरी कोणी उठत नाही. अशाच एका संध्याकाळी एका म्हातारबांनी मला अडवलं. म्हणाले, "गुरुजी, तुमी पोरायले इतिहास शिकवता. मंग सांगा न, आंदळकर भारी का माने भारी?"

आता हा प्रश्न वरवर सोपा. पण मी जरा गप्पच बसलो. शाळेत आपण मुलांना सांगतो की पुराव्याशिवाय बोलू नका. मग गुरुजींनीच कट्ट्यावर बसून तोंडाला येईल ते ठोकून द्यावं, हे काही बरं नव्हे. म्हणून त्या दिवशी उत्तर पुढं ढकललं आणि घरी जाऊन विचार केला. तो विचार आज आपल्यापुढं मांडतो.

आधी दोघांची ओळख. तरुण मुलांना नावं ऐकून माहीत असतील, नसतीलही. गणपतराव आंदळकर हे सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावचे. शिराळा म्हणजे तेच, नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेलं बत्तीस शिराळा. मारुती माने हेही सांगली जिल्ह्याचेच, मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे. म्हणजे एका जिल्ह्याचे दोन पैलवान. आंदळकर घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. १९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, १९६० साली आंदळकर झाले आणि १९६४ साली माने झाले. हिंदकेसरी ही सबंध देशातल्या मातीवरच्या पैलवानांतली मानाची पदवी. गदा खांद्यावर घेऊन पैलवान गावात आला की गाव वेशीवर जमायचं. तो काळच तसा होता.

आपल्या वऱ्हाडात आपण 'आखाडा' म्हणतो, तिकडं 'तालीम' म्हणतात. आपण 'दंगल' म्हणतो, ते 'मैदान' म्हणतात. पण लंगोट तोच आणि घामही तोच. आणि कोणी असं समजू नये की व्यायामाची परंपरा काय ती पंचगंगेच्या काठीच आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्या मंडळाचं पथक १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवून आलं. हे सांगितलं एवढ्यासाठी, की जठारपेठेतला म्हातारा सांगलीच्या पैलवानांवर तावातावानं बोलतो, तेव्हा तो परक्याच्या घरची गोष्ट करत नसतो.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ.

दोन पैलवानांची तुलना करायची तर ती कशावर करायची? कोणी म्हणतं, किती कुस्त्या मारल्या ते मोजा. पण दंगलीत जोडी लावताना पंच आणि वस्ताद बघतात, गावचे पुढारी बघतात, बक्षिसाची रक्कम बघतात. एकाला सोप्या जोडी मिळाल्या, दुसऱ्याला अवघड, तर मोजदादीला काय अर्थ उरला? कोणी म्हणतं, आमच्या बाबानं पाहिलं होतं. बाबानं पाहिलं असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याचा पैलवान, त्याच्या बाबाला तोच भारी दिसणार. आपणही दंगलीत आपल्या गावच्या पोराची पाठ लागली तरी म्हणतोच की, 'लागली नव्हती, पंच झोपला होता.'

सुदैवानं या दोघांच्या बाबतीत एक पुरावा असा आहे, की जो कोणाच्या गावचा नाही. तो म्हणजे १९६२ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धा. इंडोनेशियात जकार्ता शहरी २४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या दिवसांत त्या झाल्या. आपल्या पथकाला ते दिवस सोपे नव्हते. इस्राएल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना यजमानांनी येऊ दिलं नाही, त्यावर भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला, आणि तिथली जनता भारतीयांवर चिडली. अशा तापलेल्या हवेत, परक्या मुलखात, परक्या नियमांनी, मातीऐवजी गादीवर, आपले हे दोघे उभे राहिले.

त्यांनी तिथं काय केलं ते नीट ऐका, कारण सगळी गंमत यातच आहे. कुस्तीचे तिथं दोन प्रकार होते. एक फ्रीस्टाइल, दुसरा ग्रीको-रोमन. मारुती माने ९७ किलो वजनगटात उतरले. त्यांना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. गणपतराव आंदळकर त्याच्या वरच्या, म्हणजे ९७ किलोंहून अधिक वजनाच्या गटात उतरले. त्यांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक मिळालं आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य.

दोघांना एक सोनं, एक चांदी. फक्त उलटं. मुलाला पाटीवर लिहायला सांगा, म्हणजे एकदम डोळ्यांत भरेल.

हे दोन प्रकार काय आहेत ते कळल्याशिवाय या उलट्या जोडीतलं मर्म कळायचं नाही. फ्रीस्टाइल आपल्या मातीच्या कुस्तीची जवळची बहीण. तिच्यात सगळं अंग खुलं. पाय धरा, मांडी धरा, टांग मारा, पायानं पाय अडवा. आपला एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय उचलून घेणं, तिथं चालतो. दुहेरी पट चालतो. कलाजंग चालतो. कलाजंग म्हणजे समोरच्याचा हात ओढून त्याच्या अंगाखाली शिरायचं, दुसरा हात मांड्यांत घालायचा आणि त्याला पोत्यासारखं खांद्यावर घेऊन पलीकडं टाकायचं. ढाकही चालते. खाशाबा जाधवांनी ऐन तारुण्यात याच फ्रीस्टाइलमध्ये, ५७ किलो गटात, १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकचं कांस्यपदक कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावी आणलं, आणि ढाक हा त्यांचा आवडता डाव.

ग्रीको-रोमनचं तसं नाही. तिथं नियम असा, की कमरेच्या खाली हात लावायचा नाही. पाय धरायचा नाही आणि स्वतःच्या पायानंही टांग मारायची नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, सवारी गेली, कैची गेली. आपल्या वस्तादांनी पोराला बारा वर्षं जे शिकवलं, त्यातलं निम्मं शिक्षण दाराबाहेर जोड्यांजवळ काढून ठेवायचं आणि मग आत यायचं. उरतं काय? मान, खांदे, दंड, छाती, पाठ. मिठी मारून उचलणं, बगलेतून निघणं, हात ओढून तोल घालवणं, गळ्याला आणि दंडाला धरून फिरवून टाकणं.

आणखी एक गोष्ट. आपल्या मातीत लंगोट, जांघ्या धरून डाव करतात. गादीवर कपड्याला हात लावलेला चालत नाही. ज्याची बोटं वर्षानुवर्षं लंगोटाची शिवण शोधायला शिकली, त्या बोटांना ही सवय मोडायला किती त्रास पडत असेल, हे शेतकरी माणसाला समजेल. डावखुऱ्या माणसाच्या उजव्या हातात विळा द्यावा तसं ते आहे.

माती आणि गादी यांतला फरक केवळ नियमांचा नाही. तांबडी माती चाळून, तीत हळद, लिंबू, तेल, ताक घालून मऊ केलेली असते. तीत पाय रुततो, चाल मंदावते, पकड बसते आणि घामावर माती टाकून निसटता हात पुन्हा धरता येतो. आपल्याकडची काळी माती तर आखाड्याला चालतच नाही. उन्हात भेगाळते, ओली झाली की चिकटते. म्हणून वऱ्हाडात आखाड्यासाठी तांबडी माती गाडीनं आणावी लागे. गादीवर पाय झरझर चालतात. घड्याळ लावलेलं असतं. गुण मोजतात. मातीत मात्र घड्याळ नाही आणि गुण नाहीत. पाठ जमिनीला लागली की खेळ संपला, नाही लागली तर दिवस मावळेपर्यंत चालू द्या.

जमीन बदलली की पैलवान कसा बदलतो, याचा सगळ्यांत मोठा दाखला गामा पैलवानाचा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती लागली, गादीवर. गामानं त्याला लगेच खाली घेतलं. पण झ्बिस्को जो पोटावर पडला, तो अडीच तास उठलाच नाही. घोरपडीसारखा चिकटून राहिला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा कुस्ती ठरली होती, तेव्हा झ्बिस्को आलाच नाही. मग १९२८ साली हेच दोघे पतियाळाला मातीत भेटले. तोवर दोघेही पन्नाशीच्या आसपास आले होते. या वेळी मिनिटभराच्या आत गामानं त्याला चीत केला. माणसं तीच. एकीकडं अडीच तास, दुसरीकडं मिनिटभर. जो म्हणतो 'पैलवान तो पैलवान, कुठंही नेऊन उभा करा,' त्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता पुन्हा जकार्त्याला जाऊ.

मान्यांचं सोनं फ्रीस्टाइलमधलं. मातीतून आलेल्या माणसाला हेच जास्त सोयीचं, तेव्हा ते अपेक्षित होतं असं म्हणता येईल. पण अपेक्षित म्हणजे सोपं नव्हे. ९७ किलोचा गट मोठा अवघड. त्यात भारी माणसाचं वजन असतं, पण तो इतका अवजडही नसतो की पाय हलू नयेत. समोरचा वरूनही येतो, खालूनही येतो. मान सांभाळावी तर पाय उघडा पडतो, पाय सांभाळावा तर मान जाते. अशा गटात पहिलं येणं म्हणजे अंगाला वरपासून खालपर्यंत डोळे असावे लागतात. शिवाय जपान आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे मल्ल तिथं होते, आणि ते कुस्तीत कोणाला हार जाणारे नव्हते. मान्यांची चपळाई आणि दमछाक सोसण्याची ताकद यांची साक्ष हे पदक देतं. आणि ग्रीको-रोमनमधलं त्यांचं रौप्य सांगतं, की पाय काढून घेतले तरी या माणसाच्या हातांत पुष्कळ काही उरत होतं.

आंदळकरांचं प्रकरण मला जास्त चकित करतं. मातीतल्या माणसाला सोनं मिळावं ते कशात, तर मातीपासून सगळ्यांत लांब असलेल्या प्रकारात! हे कसं झालं असेल? मी यावर बरेच दिवस विचार केला. माझा तर्क असा. दंगलीत आपण भारी जोडी पाहतो, तेव्हा काय दिसतं? हलकी पोरं झटकन पटाला झेपावतात. भारी पैलवान तसं करत नाहीत. सव्वाशे किलोच्या माणसाच्या पायात शिरायचं आणि तो वरून अंगावर बसला, तर बरगड्यांचा चुरा. म्हणून मोठ्या जोडीची खडाखडी लांबते. मानेला मान, हाताला हात, खांद्याला खांदा. प्रेक्षक ओरडतात, 'अरे, लढा!' पण ते लढतच असतात. ही जी उभ्यानं चाललेली, मानेची आणि दंडांची झुंज, तीच मोठ्या वजनाच्या ग्रीको-रोमनची खरी शाळा. मोतीबागेतल्या लाल मातीत आंदळकर जी खडाखडी शिकले, ती जकार्त्याच्या गादीवर कामाला आली असावी. कोणी त्यांना तो प्रकार वेगळा शिकवला असेल तरी पाया तोच.

इथं कोणी हुशार विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, 'गुरुजी, सोन्याचं सोनं झालं, चांदीची चांदी झाली, म्हणजे दोघे सारखेच!' तर त्याला खाली बसवू नका, पण त्याची चूक दाखवा. दोघांचे वजनगट वेगळे होते. म्हणजे माने आणि आंदळकर तिथं एकमेकांशी लढलेच नाहीत. एका गटात कोण प्रतिस्पर्धी आले आणि दुसऱ्या गटात कोण आले, यावरही पदक अवलंबून असतं. मोठ्या वजनाच्या गटांत मल्ल नेहमीच थोडे. तेव्हा या चार पदकांवरून माने आंदळकरांहून मोठे की लहान, हे ठरत नाही. ठरतं ते इतकंच, की मान्यांचं स्वतःचं कसब कोणत्या बाजूला कललेलं होतं आणि आंदळकरांचं कोणत्या. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच. मोजमाप करताना काय मोजलं आणि काय मोजलंच नाही, हे सांगायला शिकवणं हे गणिताच्या गुरुजींचंही काम आहे, केवळ इतिहासाच्या नव्हे.

तरीपण, एवढं बोलून मी अंग चोरतो असं कोणी म्हणू नये. माझं मत विचाराल तर सांगतो. अंगभर कसब, पाहणाऱ्याला डाव दिसावा, हलता पाय आणि हलतं डोकं, असं पाहिजे असेल तर मी मान्यांच्या बाजूला बसेन. पण न येणाऱ्या भाषेत परीक्षा देऊन पहिला नंबर काढावा, अशी जी गोष्ट, ती आंदळकरांची आहे, आणि ती मला मोठी वाटते. उद्या कोणी चांगला पुरावा दाखवला तर मत बदलीन.

याचा आजच्या पोरांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. आजही आपल्या खेड्यांत अशी माणसं भेटतात की जी म्हणतात, 'गादीवरची कुस्ती म्हणजे खोटी कुस्ती, खरी ती मातीतली.' उलट शहरात असं म्हणणारे भेटतात की माती आता जुनी झाली, सोडून द्या. शालेय स्पर्धा गादीवर होतात. आखाड्यात वाढलेलं पोर तालुक्याला जातं, दोन मिनिटांत गुण गमावून परत येतं आणि पुन्हा जात नाही. मी अशी पोरं पाहिली आहेत. एकाचा बाप मजुरी करून पोराला रोज शेर दूध पाजायचा. पोर हरून आलं तेव्हा बाप त्याला रागावला नाही, पण दुधाचा गडवा मात्र दुसऱ्या दिवसापासून दिसला नाही. त्या पोराला डाव येत नव्हते असं नाही. लंगोट धरायचा नाही, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेनं यावर बरा तोडगा काढला आहे. १९६१ साली ती सुरू झाली आणि पहिली गदा सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाली. पुढं तीत मातीचा एक विभाग आणि गादीचा एक विभाग असे दोन झाले. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात. त्यात भांडणं होतात, पंचांवर राग निघतो, ते सोडा. पण पोराला दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात हे चांगलं आहे.

ज्या गुरुजींच्या शाळेत गादी नाही, त्यांनी निदान एक करावं. मैदानावर चुन्यानं वर्तुळ आखावं, चांगली भुसभुशीत माती टाकावी, आणि आठवड्यातून एक दिवस पोरांना सांगावं की आज कमरेखाली हात नाही. पहिल्या दिवशी सगळी गोंधळतात. हात आपोआप पायाकडं जातो. हसू येतं. महिन्याभरात त्यांची मान घट्ट होते. मात्र मानेला हिसका देणारं पोर दिसलं की तिथंच थांबवा. त्या बाबतीत दयामाया नको.

आंदळकरांचं पुढं काय झालं तेही सांगतो. १९६४ साली ते टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकारांत उतरले. तिथं पदक मिळालं नाही. जगातले मल्ल आणि आशियातले मल्ल यांत अंतर होतं, ते तिथं दिसलं. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नंतर मोतीबागेत ते वस्ताद झाले आणि पुष्कळ वर्षं पोरं घडवत राहिले. दादू चौगुले त्यांचेच शिष्य. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ साली राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले. माने २०१० साली गेले, आंदळकर सप्टेंबर २०१८ मध्ये. त्या दिवशी कोल्हापुरात तर शोक झालाच, पण आमच्या जठारपेठेच्या ओट्यावरही दोन म्हातारे बराच वेळ काही न बोलता बसले होते. दोघांपैकी एक मान्यांच्या बाजूचा होता.

तर हे सगळं मी त्या प्रश्न विचारणाऱ्या म्हातारबांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. पाटीवर चार पदकं लिहून दाखवली, वजनगट समजावले, गामाची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पिचकारी टाकून म्हणाले, "गुरुजी, तुमचं समदं बरोबर हाये. पन त्या दोघायले एकडाव आपल्या मातीत उतरवाले पाह्यजे होतं."